चौकडी कुठं बसते? अरॅबिडॉप्सिसच्या कळीतलं एजी–सेप३ संकुल आणि त्याच्या हाताखालचं जनुक कसं पकडायचं

अरॅबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली छोटी वनस्पती, प्रयोगशाळेत नेहमी वापरली जाणारी. तिच्या कळीत चार मंडलं असतात: बाहेरून आत निदल, पाकळ्या, पुंकेसर आणि मधोमध स्त्रीकेसर. कुठल्या मंडलात काय उगवायचं हे मॅड्स कुळातली प्रथिनं ठरवतात, आणि ती एकेकटी काम करत नाहीत. दोन-दोनच्या जोड्या जमतात, दोन जोड्यांची चौकडी होते आणि ती चौकडी डीएनएवरच्या दोन जागा एकदम धरून मधला धागा वळवते. कोएन आणि मायरोविट्झ यांचं ए-बी-सी प्रारूप (ए, बी, सी या तीन जनुकगटांच्या मेळातून अवयव ठरतो, असं सांगणारं) १९९१ चं. सेपालाटा (थोडक्यात सेप) १, २ आणि ३ ही तिन्ही जनुकं एकदम निकामी केली की चारही मंडलांत निदलांसारखेच अवयव येतात, हे २००० साली दिसलं. चौकडीची कल्पना टायसन आणि झेडलर यांनी २००१ मध्ये मांडली. या चौकडीत सेप३ हे प्रथिन सांधणाऱ्याचं काम करतं: बाकीचे गडी मंडलानुसार बदलतात, हा बहुतेक ठिकाणी असतोच.

इथं एकच उदाहरण घेऊ, पण शेवटपर्यंत नेऊ. एजी, म्हणजे अ‍ॅगॅमस, आणि सेप३ मिळून कळीच्या मध्यभागी नकल्स नावाचं जनुक चालू करतात. नकल्स हे वुशेलला दाबतं, आणि वुशेल दबलं की मूलपेशींचा साठा संपतो, फूल थांबतं. एजी नसेल तर पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात, स्त्रीकेसराच्या जागी नवं फूल सुरू होतं, त्याच्या आत आणखी एक. दारातल्या दुहेरी गुलाबाकडं पाहिलं तर याच गोष्टीचं सौम्य रूप दिसतं: तिथं एजीची हद्द मध्याकडं आक्रसलेली असते, म्हणून पुंकेसरांच्या वाट्याची जागा पाकळ्या खातात.

कामाला लागण्याआधी प्रश्न तीन आहेत हे डोक्यात पक्कं हवं. प्रथिन कुठं बसतं? कुणाबरोबर बसतं? बसल्यामुळं जनुकाचं काही होतं का? क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे बोलीत चिप (प्रथिन अँटिबॉडीनं ओढून काढायचं आणि त्याला चिकटून कुठला डीएनए आला ते पाहायचं), फक्त पहिल्याचं उत्तर देतं. चिपचा आलेख दाखवून ‘संकुल जनुकाचं नियमन करतं’ असं लिहिणारे पुष्कळ आहेत. ते लिहिणं घाईचं आहे.

डीएनएवरच्या जागेबद्दलही तेच. मॅड्स प्रथिनं ज्या खुणेवर बसतात तिला कार्ग पेटी म्हणतात: आधी सी-सी, मग सहा अक्षरं ए किंवा टी, शेवटी जी-जी, एकूण दहा. अरॅबिडॉप्सिसचा जीनोम साधारण १३.५ कोटी बेसजोड्यांचा. चारही अक्षरं सारखीच वापरलेली आहेत असं धरलं तर अशी पेटी दर १६,३८४ अक्षरांत एकदा निव्वळ योगायोगानं सापडते, म्हणजे अख्ख्या जीनोममध्ये आठ हजारांच्या वर. त्यामुळं संगणकावर प्रमोटरमध्ये (जनुकाच्या आधीच्या, ते चालू करणाऱ्या भागात) कार्ग पेटी दिसली याला पुरावा म्हणून किंमत नाही. ती फक्त प्रायमर (मोजायचा डीएनएचा तुकडा दोन्ही टोकांना धरणारे छोटे धागे) कुठं लावायचे हे सांगते.

रोपं आणि शेपटी

एजी आणि सेप३ यांच्याविरुद्ध चांगली अँटिबॉडी मिळणं कठीण. मॅड्स क्षेत्र सगळ्या कुळात इतकं सारखं आहे की पूर्ण प्रथिनावर बनवलेली अँटिबॉडी भावंडांनाही पकडते. म्हणून प्रथिनाला जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची शेपटी लावून जीएफपीविरुद्धची अँटिबॉडी वापरणं सोयीचं. शेपटी मागच्या टोकाला लावा. पुढचं टोक डीएनए धरतं, तिथं २७ किलोडाल्टनचं ओझं लटकवू नका.

प्रमोटर त्या जनुकाचा स्वतःचाच हवा. सगळीकडं जोरात चालणाऱ्या ३५एस प्रमोटरवर सेप३ चालवलं तर रोपं लवकर फुलतात, पानं वळतात, आणि प्रथिन जिथं नसायला हवं तिथंही जाऊन बसतं. मग सापडलेली जागा खरी की जबरदस्तीची हे सांगता येत नाही. एजीच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. त्याच्या नियंत्रणाच्या बऱ्याचशा खुणा प्रमोटरमध्ये नसून दुसऱ्या इन्ट्रॉनमध्ये (जनुकातल्या, आरएनए तयार होताना कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यात) आहेत, आणि हा इन्ट्रॉन जवळजवळ तीन हजार बेसजोड्यांचा आहे. सीडीएनएपासून (तयार आरएनएवरून उलटा उतरवलेल्या डीएनएपासून) बनवलेली रचना वापरली तर तो जातो आणि एजी भलत्याच ठिकाणी उजळतं. पूर्ण जीनोमी तुकडाच घ्या.

शेपटीवालं प्रथिन काम करतं का, हे एजी नसलेल्या रोपात घालून तपासा. फूल पूर्ववत झालं, म्हणजे सहा पुंकेसर आणि मध्ये एक धड स्त्रीकेसर आला, तरच पुढं जा. एजी-१ (एजी जनुक बिघडलेली) रोपं दोन्ही प्रतींत बिघडलेली असली की त्यांना बी धरत नाही, त्यामुळं वंश एक प्रत शाबूत असलेल्या रोपांवरून चालवावा लागतो आणि दर पिढीत एक चतुर्थांश रोपं जीनोटायपिंग करून, म्हणजे डीएनए तपासून, निवडावी लागतात. हा वेळ वेळापत्रकात धरा.

बी ओहायो किंवा नॉटिंगहॅमच्या साठ्यातून येतं. भारतात जनुकबदल केलेलं बी मागवायचं तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून आरसीजीएम या केंद्राच्या परीक्षण समितीपर्यंतची मंजुरी आणि एनबीपीजीआर या वनस्पती जनुकसंपदेच्या राष्ट्रीय संस्थेचा आयात परवाना लागतो. प्रयोगाची आखणी करताना हा अर्ज सगळ्यात आधी टाका, अभिकर्मकं मागाहून मागवली तरी चालतं.

पेरल्यावर बी ४ अंशांवर दोन ते चार दिवस ठेवा, मग २२ अंश, १६ तास उजेड. चार आठवड्यांच्या आसपास तुरा वर येतो. वाढकक्षाला यूपीएस नसेल तर एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग लावूच नका. वीज गेली की कक्ष तासाभरात तापतो, आणि उष्णतेनं फुलांची जनुकं हलतात.

कळ्या निवडणं

निम्मे प्रयोग इथंच फसतात, आणि दोष अँटिबॉडीला दिला जातो.

अरॅबिडॉप्सिसच्या फुलाच्या वाढीला क्रमांक दिलेल्या अवस्था आहेत. तिसरीत निदलांचे उंचवटे दिसतात आणि एजी मध्यभागी चालू होतं. पाचवीत पाकळ्या आणि पुंकेसरांचे उंचवटे येतात. सहावीत निदल कळी झाकतात, आणि याच सुमारास वुशेल बंद पडतं. तेराव्या अवस्थेत फूल उमलतं. म्हणजे आपल्याला हवी ती घटना काही थोड्या पेशींत, दोन-तीन दिवसांच्या अवधीत घडते. अख्खा फुलोरा कापून घेतला तर वजनाचा मोठा भाग दहाव्या-बाराव्या अवस्थेच्या मोठ्या कळ्यांचा असतो आणि सहावीतला संकेत त्यात बुडून जातो.

साधा उपाय: भिंगाखाली टोकदार चिमट्यानं उमललेली फुलं आणि पाकळ्यांचा पांढरा रंग दिसू लागलेल्या सगळ्या कळ्या काढून टाका. उरलेलं हिरवं, गच्च टोक घ्या. एका प्रयोगाला ०.८ ते १ ग्रॅम लागतं. त्यासाठी शंभराच्या पुढं झाडं लावायची तयारी ठेवा. काढणी रोज एकाच वेळी करा.

चांगला उपाय जरा लांबचा आहे. एपी१ आणि कॉलिफ्लॉवर ही दोन जनुकं बिघडलेली रोपं फुलं देतच नाहीत. टोकाला विभाजी ऊतींचा पांढरट गड्डा धरतात, अगदी भाजीतल्या फ्लॉवरचं पिल्लू. (जनुकाचं नाव उगाच नाही पडलं, फ्लॉवरमध्येही त्याच जातीचं जनुक बिघडलेलं आहे.) या रोपात एपी१ला जीआर नावाचा भाग जोडून घातलेला असतो. तो एपी१ला केंद्रकाबाहेर अडवून धरतो, आणि डेक्सामेथासोन मिळालं की सोडतो. औषध दिलं की गड्ड्यावरच्या सगळ्या ऊती एकदम फुलं करू लागतात, आणि हजारो कळ्या एकाच अवस्थेत हाताशी येतात.

द्रावण असं करा. डेक्सामेथासोन ३.९ मिलिग्रॅम, १ मि.लि. इथेनॉलमध्ये: हा १० मिलिमोलर साठा. १०० मि.लि. पाण्यात त्यातलं १०० मायक्रोलिटर आणि सिल्वेट एल-७७ १५ मायक्रोलिटर. म्हणजे औषध १० मायक्रोमोलर, सिल्वेट ०.०१५ टक्के. ड्रॉपरनं गड्डा पूर्ण भिजेपर्यंत थेंब टाका. फवारा मारला तर खाचांत शिरत नाही. तुलनेच्या रोपांना तेवढंच इथेनॉल आणि सिल्वेट, औषधाविना. चार-पाच दिवसांनी कळ्या पाचव्या-सहाव्या अवस्थेत येतात, पण दिवसांवर विसंबू नका. चार-दोन गड्डे भिंगाखाली उघडून पाहा आणि मगच काढणी करा.

एजी-जीएफपी या वंशात आणायचं तर संकर करावा लागतो. दोन्ही अप्रभावी जनुकं एकत्र येणारी रोपं दुसऱ्या पिढीत सोळात एक मिळतात, आणि त्यात पुन्हा दोन्ही रचना असलेली शोधायची. तीनशे रोपं लावा, शंभरात भागत नाही.

फिक्सिंग

फॉर्मल्डिहाइड प्रथिन आणि डीएनए यांना जागच्या जागी चिकटवतं. कमी झालं तर धुताना प्रथिन सुटतं. जास्त झालं तर क्रोमॅटिन दगडासारखं होतं, सोनिकेटर (ध्वनिलहरींनी डीएनएचे तुकडे करणारं यंत्र) त्याला फोडू शकत नाही आणि अँटिबॉडीला पकडायला जागाही उरत नाही.

५० मि.लि.च्या ट्यूबमध्ये ३७ टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १.३५ मि.लि. घ्या आणि १० मिलिमोलर फॉस्फेट (पीएच ७), ५० मिलिमोलर मीठ, ०.१ मोलर साखर असलेल्या थंड बफरनं ५० पर्यंत भरा. ट्रिस बफर इथं चालत नाही. त्यातला अमाइन गट फॉर्मल्डिहाइड स्वतःच खातो. बाटली जुनी असेल, तळाशी पांढरा साका दिसत असेल तर टाकून द्या. सगळं काम फ्यूम हूडमध्ये.

कळ्या बुडवून ट्यूब बर्फात ठेवा आणि निर्वात पंप लावा. बुडबुडे येतील. १५ मिनिटांनी निर्वात हळूच सोडा, ट्यूब हलवा, पुन्हा १० मिनिटं. निर्वात सोडताक्षणी द्रावण ऊतीत शिरतं, म्हणून सोडणं हेच खरं काम आहे. नीट भिजलेल्या कळ्या गडद, काचेसारख्या अर्धपारदर्शक दिसतात आणि तळाला बसतात. तरंगणाऱ्या कळ्या आतून कोरड्या आहेत. त्यांना तिसरी फेरी द्या, पण एकूण वेळ अर्ध्या तासापलीकडं नेऊ नका.

थांबवायला २ मोलर ग्लायसिन ३.३ मि.लि. घाला (शेवटचं प्रमाण ०.१२५ मोलर), पुन्हा ५ मिनिटं निर्वात. मग थंड पाण्यानं तीनदा धुवा आणि टिपकागदावर नीट कोरडं करा. ओल राहिली तर द्रव नायट्रोजनमध्ये बर्फाचे खडे होतात आणि खलात कळ्यांऐवजी बर्फच कुटला जातो. गोठवलेल्या कळ्या उणे ८० अंशांवर ठेवता येतात. इथं दिवस संपवला तरी चालेल.

केंद्रकं आणि सोनिकेशन

खल आधी नायट्रोजननं गार करा. पूड पिठीसाखरेइतकी बारीक हवी. १ ग्रॅम पुडीला पहिल्या बफरचे ३० मि.लि. (०.४ मोलर साखर, १० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ५ मिलिमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल). पीएमएसएफ आणि प्रोटिएज रोधक ऐन वेळी घाला, कारण पाण्यात पीएमएसएफ फार टिकत नाही. सकाळी घातलेलं दुपारी निरुपयोगी. मिराक्लॉथच्या दोन थरांतून गाळा, २,८०० जी वर २० मिनिटं, ४ अंश.

पेलेट (तळाशी बसलेला गोळा) १ मि.लि. दुसऱ्या बफरमध्ये (साखर ०.२५ मोलर, त्यात १ टक्का ट्रायटन एक्स-१००, बाकी तेच) हलक्या हातानं सोडवा. १२,००० जी, १० मिनिटं. ट्रायटन हरितलवकं फोडतो. वरचं पाणी गडद हिरवं आणि खालचं पेलेट फिकट पांढरट दिसायला हवं. पेलेट हिरवंच असेल तर ही पायरी पुन्हा करा. कंटाळा केला तर सिक्वेन्सिंगच्या वाचनांत हरितलवकाचा डीएनए भरतो आणि पैसे त्यातच जातात. नंतर पेलेट ३०० मायक्रोलिटर तिसऱ्या बफरमध्ये (१.७ मोलर साखर, ०.१५ टक्के ट्रायटन) सोडवून त्याच बफरच्या ३०० मायक्रोलिटर थरावर अलगद ठेवा, १६,००० जी, तासभर. जड केंद्रकं साखरेतून खाली जातात, कचरा वर राहतो.

आता केंद्रकं ३०० मायक्रोलिटर लायसिस बफरमध्ये: ५० मिलिमोलर ट्रिस, १० मिलिमोलर ईडीटीए, १ टक्का एसडीएस. बर्फात फार वेळ ठेवलं तर एसडीएस पांढरा साका धरतो. घाबरू नका, हातात धरून विरघळू द्या. पोटॅशियमचं मीठ मात्र या टप्प्यावर कुठल्याही बफरमध्ये नको, तो साका पक्का बसतो.

सोनिकेशनचं लक्ष्य २०० ते ६०० बेसजोड्यांचे तुकडे. यंत्राचे आकडे दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेऊ नका. प्रत्येक यंत्र, प्रत्येक प्रोब, ट्यूबचा आकार, सगळ्यानं फरक पडतो. एकदा बसून स्वतःचा तक्ता करा: ४, ८, १२, १६ फेऱ्या, प्रत्येक फेरी अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद, बर्फाच्या पाण्यात. प्रत्येकातून २० मायक्रोलिटर काढा, बंध सोडवा, शुद्ध करा आणि २ टक्के अ‍ॅगारोजवर चालवा. बंध न सोडवता जेलवर टाकलेला नमुना खोटं सांगतो, कारण प्रथिनं चिकटलेला डीएनए जड चालतो आणि तुकडे आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात.

फेस आला की थांबा. फेसात ध्वनिलहरी मरतात. त्यानंतर कितीही फेऱ्या दिल्या तरी तुकडे होत नाहीत, नुसतं तापतं. प्रोब पृष्ठभागाजवळ असला की फेस होतो. तो खाली न्या, पण तळाला टेकवू नका. फेस झालाच तर ट्यूब थोडा वेळ फिरवून फेस बसवा आणि कमी शक्तीवर पुन्हा सुरू करा. फार बारीक करणंही नुकसानीचं: १५० च्या खाली गेलेला तुकडा १०० बेसजोड्या दूर असलेल्या दोन प्रायमरना पुरत नाही, आणि चांगला संकेत क्यूपीसीआरमध्ये (डीएनए वाढवत वाढवत मोजण्याच्या चाचणीत) गायब होतो.

पकडणं आणि धुणं

१६,००० जी वर १० मिनिटं फिरवून वरचं द्रव घ्या आणि दहापट पातळ करा (१.१ टक्के ट्रायटन, १.२ मिलिमोलर ईडीटीए, १६.७ मिलिमोलर ट्रिस, १६७ मिलिमोलर मीठ). १ टक्का एसडीएसमध्ये अँटिबॉडी उलगडते, ०.१ टक्क्यात तग धरते, म्हणून पातळ करणं टाळता येत नाही. ३०० मायक्रोलिटरचे ३ मि.लि. होतात, १ मि.लि.चे तीन भाग करा. प्रत्येकातून आधी १० मायक्रोलिटर ‘इनपुट’ म्हणून बाजूला काढा. इनपुट विसरला की पुढचं सगळं गणित गेलं.

जीएफपीची अँटिबॉडी सशाची असेल तर प्रोटीन ए मणी, उंदराची असेल तर प्रोटीन जी. मणी बीएसएनं झाकून घ्या. सॅल्मनच्या डीएनएनं झाकलेले मणी क्यूपीसीआरला ठीक; सिक्वेन्सिंग करायचं असेल तर चुकूनही नको, मासळीचा जीनोम वाचून मिळेल. रात्रभर ४ अंशांवर फिरू द्या.

धुण्याची चार पाणी: १५० मिलिमोलर मीठ, ५०० मिलिमोलर मीठ, ०.२५ मोलर लिथियम क्लोराइड, शेवटी टीई. प्रत्येकी ५ मिनिटं, दोनदा. शेवटच्या पाण्यात मणी नव्या ट्यूबमध्ये हलवा. जुन्या ट्यूबच्या भिंतीला चिकटलेला डीएनए पार्श्वभूमी वाढवतो. सोडवण्यासाठी १ टक्का एसडीएस आणि ०.१ मोलर सोडियम बायकार्बोनेट, २५० मायक्रोलिटर दोनदा, ६५ अंश, १५ मिनिटं. इनपुटही याच बफरनं ५०० करा. दोन्हींत ५ मोलर मीठ २० मायक्रोलिटर घालून ६५ अंशांवर रात्रभर, मग ट्रिस, ईडीटीए आणि प्रोटिनेज के, ४५ अंशांवर तासभर. स्तंभावर शुद्ध करून ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवा.

शेपटी नसलेली साधी रोपं प्रत्येक पायरीवर सोबत चालवा. नुसत्या आयजीजीवर (कुठल्याच ठरावीक प्रथिनासाठी नसलेल्या अँटिबॉडीवर) भागवू नका. अँटिबॉडी वनस्पतीतलं दुसरं काही पकडते का, हे साध्या रोपाशिवाय कळत नाही.

आकडा काढणं

प्रायमर असे निवडा की त्यांच्यामधला तुकडा ८० ते १५० बेसजोड्यांचा आणि कार्ग पेटी मध्यात येईल. कार्यक्षमता ९० ते ११० टक्के. नकल्सच्या प्रमोटरवरची जोडी, होकाराची खूण म्हणून एपी३ किंवा सेप३चा प्रमोटर, आणि नकाराची खूण म्हणून अ‍ॅक्टिन जनुकाचा भाग आणि नकल्सपासूनच दोन-तीन हजार बेसजोड्या दूरची एक जागा. ही दूरची जागा बहुतेक जण वगळतात. ती नसेल तर संकेत पेटीवरचा की सगळा परिसरच चिकट, हे सांगता येत नाही.

इनपुट १ टक्का असल्यानं त्याच्या सीटीतून (संकेत दिसायला लागलेल्या क्यूपीसीआर फेऱ्यांच्या आकड्यातून) ६.६४ वजा करा (१०० चा दोनाच्या पायाचा लॉग). समजा इनपुटचा सीटी २५.०० आला: दुरुस्त १८.३६. नकल्सवर पकडलेल्याचा सीटी २५.३६. फरक ७, म्हणजे २ चा उणे सातवा घात, ०.७८ टक्के इनपुट. दूरच्या जागेवर इनपुट तेवढंच आणि पकडलेल्याचा २८.३६: फरक १०, ०.१ टक्का. समृद्धी आठपट. मूळ टक्का लहान दिसतो म्हणून निराश होऊ नका. मोजक्या पेशींत असलेल्या प्रथिनाकडून मोठा आकडा मिळायचा नाही. दोनपटीच्या आतला फरक मात्र तीन स्वतंत्र काढण्यांत टिकला तरी मी त्याला जागा म्हणणार नाही. तीन काढण्या म्हणजे तीन वेगळ्या पेरण्या, एकाच पुडीचे तीन भाग नव्हेत.

दूरच्या जागेवरही सीटी लवकर आला तर धुणं कमी पडलं किंवा तुकडे मोठे राहिले. सगळीकडं शून्यच आलं तर आधी वेस्टर्न ब्लॉट (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीनं शोधणं) करा: पकडल्यावर उरलेल्या द्रवात जीएफपी तसंच शिल्लक आहे का? असेल तर फिक्सिंग जास्त झालंय.

कुणाबरोबर

एजी-जीएफपी नकल्सवर सापडलं, सेप३-जीएफपीही तिथंच सापडलं; म्हणून दोघं एकत्र आहेत असं होत नाही. वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळ्या वेळी बसत असतील.

त्यासाठी फॉर्मल्डिहाइडविना केंद्रकांचा अर्क काढून जीएफपीनं ओढा आणि सेप३ शोधा. अर्काला डीएनएज किंवा बेंझोनेज (डीएनए कापणारी विकरं) जरूर द्या. नाहीतर एकाच डीएनएच्या धाग्यावर शेजारी बसलेली दोन अनोळखी प्रथिनंही जोडीनं बाहेर येतात. ब्लॉटवर एक खास मार बसतो: एजी-जीएफपी साधारण ५५ किलोडाल्टनला चालतं, म्हणजे नेमकं अँटिबॉडीच्या जड साखळीशेजारी, आणि सेप३ २९ च्या आसपास, हलक्या साखळीला खेटून. दोन्ही पट्टे झाकले जातात. उंटवर्गी प्राण्यांच्या एकसाखळी अँटिबॉडीचे मणी वापरले की ही कटकटच उरत नाही.

डीएनएवर दोघं एकदम आहेत का, याला दोनदा चिप करावी लागते: पहिली पकड १० मिलिमोलर डीटीटीनं ३७ अंशांवर अर्धा तास सोडवा, निदान वीसपट पातळ करा, मग दुसरी अँटिबॉडी. दुसऱ्या पकडीत हाती फार थोडं उरतं, म्हणून सुरुवात तिप्पट कळ्यांनी.

यीस्टमधल्या दुहेरी संकर चाचणीवर (दोन प्रथिनं जुळली तरच यीस्टमधलं खुणेचं जनुक चालू होतं, त्यावर) भरवसा ठेवताना जपून. सेप३चं मागचं टोक यीस्टमध्ये स्वतःच जनुक चालू करतं, जोडीदार असो वा नसो. ते टोक छाटून घ्यावं लागतं.

चौकडी की नुसती जोडी, हा प्रश्न सुटतो तो सेप३च्या अशा रूपानं, जे जोडी करतं पण चौकडी करू शकत नाही. के क्षेत्रातला (मॅड्स प्रथिनांना एकमेकांशी जोडणाऱ्या भागातला) छोटा तुकडा त्यात गाळलेला असतो. २०१८ मध्ये हे रूप रोपात घालून पाहिलं गेलं. अवयवांची ओळख बऱ्याच अंशी सावरली, पण फूल थांबेना. म्हणून नकल्ससारख्या जनुकावर काम करणाऱ्यानं हा नमुना हाताशी ठेवावा.

बसल्यानं काय होतं

रूढ चाचणी अशी: एजीला जीआर जोडा, डेक्सामेथासोननं आत सोडा आणि सोबत सायक्लोहेक्सिमाइड देऊन नवं प्रथिन बनणं बंद करा. तरीही लक्ष्य जनुकाचा आरएनए चढला तर मधे कुणी दलाल नाही, एजीनंच ते चालू केलं. पुंकेसर आणि बीजांडातल्या बीजाणूंच्या घडणीला लागणाऱ्या एसपीएल जनुकावर ही चाचणी छान चालते.

नकल्सवर ती चालत नाही, आणि याच ठिकाणी माणसं चुकीचा निष्कर्ष काढतात. नकल्सवर जनुक बंद ठेवणारी पॉलिकोम्ब गटाची प्रथिनं आणि एच३के२७ ची तिहेरी मिथाइल खूण (डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या एच३ हिस्टोन प्रथिनावरची ‘बंद’ची खूण) बसलेली असते. एजी येऊन पॉलिकोम्बला हुसकावतं, पण जुन्या खुणा लगेच पुसल्या जात नाहीत. पेशी विभागत जाईल तशा त्या पातळ होतात. म्हणून एजी आल्यापासून नकल्स उजळायला सुमारे दोन दिवस लागतात. सायक्लोहेक्सिमाइड पेशीविभाजनही रोखतं. चार तासांनी आरएनए मोजला की नकल्स शून्य, आणि ‘थेट लक्ष्य नाही’ असा शेरा पडतो.

त्याऐवजी वेळेची मालिका लावा: औषधानंतर ०, १२, २४, ४८ आणि ७२ तास, प्रत्येक वेळी तीन नमुने: चिपसाठी, एच३के२७च्या खुणेसाठी आणि आरएनएसाठी. एजीची बैठक आधी, खूण उतरणं मागून, आरएनए शेवटी, असा क्रम दिसला पाहिजे. एच३के२७ची चिप करताना एकूण एच३ वर भागा, नाहीतर न्यूक्लिओसोम (हिस्टोनांचा अख्खा गोळा) हटला की नुसती खूण हटली हे ओळखता येत नाही.

शेवटची परीक्षा पेटीची. नकल्सच्या प्रमोटरला रिपोर्टर (चालू झाला की रंग देणारं जनुक) जोडा, एका रचनेत कार्ग पेटी शाबूत आणि दुसरीत सी-सी व जी-जी बदललेले. मधली ए-टी अक्षरं तशीच ठेवा, लांबी तीच राहू द्या. दोन पेट्या असतील तर त्यांच्यातलं अंतर हलवणं हीसुद्धा एक परीक्षा आहे: डीएनएचा एक पीळ साधारण १०.५ बेसजोड्यांचा, त्यामुळं पाच अक्षरं मधे घुसवली की दुसरी पेटी पिळाच्या उलट बाजूला जाते, जोडी बसते पण चौकडीला धागा वळवणं जड जातं. दहा-अकरा घुसवली की पुन्हा त्याच बाजूला. पाचनं संकेत पडला आणि दहानं परतला तर चौकडीचा हात आहे असं धरायला हरकत नाही. प्रत्येक रचनेच्या किमान दहा स्वतंत्र ओळी (रचना वेगवेगळ्या जागी पडलेले रोपांचे वंश) पाहा. जीनोममध्ये रचना कुठं पडते त्यावर रिपोर्टरचा रंग इतका बदलतो की दोन-तीन ओळींत काहीही सिद्ध करता येतं.